लकवा मारला त्या सकाळी मेंदूत काय झालं?

प्रश्न : मॅडम, आमचं गाव आर्णी तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. बाबा ६१ वर्षांचे. डिसेंबरात रानडुकरांमुळे तुरीत जागल करावी लागते. त्या दिवशी पहाटे साडेपाचला ते जागलीवरून पायी घरी आले, चुलीपाशी बसले आणि चहाचा कप उजव्या हातातून सुटला. तोंड वाकडं झालं, शब्द निघेना. घरच्यांनी तेल चोळलं, शेकलं, मग लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं. जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर दुपारचे दोन वाजले. सीटी स्कॅन केला, त्यात रक्तस्राव नाही, विशेष काही दिसत नाही, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाबा गुंगीत गेले. पुन्हा स्कॅन केला तर डाव्या बाजूला मोठा काळा डाग. म्हणजे दवाखान्यात आल्यावर बिघडलं का? डॉक्टर म्हणाले, ‘पेशी मेल्या.’ त्या कशा मेल्या? परत येतात का? आता महिना झाला. बाबा घरी आहेत, त्यांना सगळं समजतं, बोलता येत नाही. मी मोठा मुलगा. त्या सकाळी गाडीची चावी माझ्या खिशात होती. हे माझ्यामुळे झालं का? (नाव छापू नये.)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीचं उत्तर शेवटीच देते, कारण मधलं समजल्याशिवाय ते तुम्हाला पटणार नाही.

उजवा हात, तोंड आणि बोलणं एकदम गेलं, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीत बहुधा गुठळी अडकली. आता मेंदूची एक अडचण लक्षात घ्या. वजनाने तो शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपण श्वासातून घेतो त्यातला सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू खातो. आणि त्याच्याकडे कोठी नाही. यकृत, स्नायू थोडीफार साखर साठवून ठेवतात. मेंदू रोजंदारीवर जगतो. रक्त आलं तर चूल पेटली. रक्त थांबलं की काही सेकंदांत काम बंद पडतं आणि थोड्याच मिनिटांत पेशीतली ऊर्जा संपते.

पुढचं मी माझ्या वडिलांच्या नोकरीवरून सांगते. ते बल्लारपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत पंप खलाशी होते. खाणीत खाली पाणी झिरपतच असतं, ते थांबवता येत नाही. ते गोळा होतं तिथे पंप बसवलेले असतात आणि तीनही पाळ्यांत चालू असतात. लहानपणी मी विचारायची, तुम्ही दिवसभर काय करता? ते म्हणायचे, “पाण्याले वर येऊ देत नाई.” रात्री क्वार्टरमधली लाइट गेली की ड्यूटी नसली तरी ते उठून बसायचे. खाणीत लाइट गेल्यावर पाणी आवाज करत नाही, गुपचूप चढतं, असं ते सांगत.

मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीवर असेच पंप आहेत, एकेका पेशीवर लाखोंनी. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, म्हणजे मिठातला एक घटक. तो सारखा आत झिरपतो. पंप तीन कण सोडियम बाहेर फेकतो, दोन कण पोटॅशियम आत घेतो. मेंदूला मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा या उपशावरच खर्च होतो. गुठळीने रक्त अडलं, ऊर्जा संपली, पंप थांबले. सोडियम आत शिरलं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी फुगू लागली. तुमच्या बाबांच्या हातून कप सुटला तेव्हा मेंदूच्या त्या भागातले दिवे गेले होते आणि मधोमध पंपही बंद पडत होते.

याच्या पुढचा टप्पा मला शिकताना सगळ्यांत वाईट वाटला होता. मेंदूच्या पेशी एकमेकींशी ग्लुटामेट नावाच्या रसायनातून बोलतात. एरवी ते थेंबभर सुटतं आणि लगेच परत उचललं जातं. बुडणारी पेशी ते सगळं ओतून देते आणि उचलायला ताकद उरत नाही. शेजारच्या पेशींवर त्याचा मारा होतो, त्यांचे दरवाजे उघडे राहतात आणि कॅल्शियम आत घुसतं. एरवी पेशीबाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कॅल्शियम असतं, आणि ते बाहेरच राहावं म्हणून पेशी जिवाचं रान करते. ते आत आलं की पेशीतलीच कापणारी-चिरणारी द्रव्यं मोकाट सुटतात. ती पेशीचा सांगाडा तोडतात, भिंती विरघळवतात, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया फोडतात. म्हणजे एक पेशी मरताना शेजारणीलाही ओढते. या प्रकाराला ‘एक्सायटोटॉक्सिसिटी’ हे शास्त्रीय नाव मिळालं ते जॉन ओल्नी या अमेरिकन संशोधकाच्या कामातून.

पण सगळ्या पेशी एकाच वेळी मरत नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २०च्या खाली गेलं की पेशी काम थांबवते. दहाच्या आसपास किंवा त्याहून खाली गेलं की मरू लागते. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी मुक्या असतात, पण जिवंत असतात. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून उसनंपासनं रक्त त्यांना मिळत असतं. १९७०च्या दशकात बबून माकडांवरच्या प्रयोगांतून हा पट्टा ओळखला गेला आणि त्याला ग्रहणातलं नाव दिलं : उपच्छाया. पूर्ण काळोख नाही, पूर्ण उजेडही नाही. गुठळी तशीच राहिली तर तासागणिक मधला काळोख पसरतो आणि उपच्छाया आकसत जाते. मोठी धमनी बंद असेल आणि उपचार मिळाला नाही तर सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने मांडला. मात्र ही सरासरी आहे. कुणाच्या बारीक वाहिन्या दणकट, कुणाच्या नाजूक; माणसामाणसांत फार मोठा फरक निघतो. तेव्हा साडेपाच ते दोन या वेळाला १९ लाखांनी गुणू नका. तुम्ही गुणलं असणार, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. साल १९९८, मी नागपूरला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. एसटीडी बूथवर निरोप आला. त्यांचाही उजवा हातच गेला होता. मी पोचण्याआधी त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. बीपी फार वाढलेलं दिसलं, म्हणून तिथे एका कॅप्सूलला सुईने टोचून त्यातले थेंब जिभेखाली सोडले. त्या काळी सर्रास करत. आई सांगायची, थेंब पडेपर्यंत ते खुणा करत होते, बोट हलवत होते. अर्ध्या तासात बीपी खाली आलं आणि बोटही हलेना. मला ते कितीतरी वर्षांनी उमगलं. मुख्य धमनी तुंबली की शरीर मुद्दाम दाब वाढवतं, कारण उपच्छायेतल्या पेशींना उसनं रक्त त्या दाबावरच पोचतं. दाब एकदम पाडला की त्यांचं तेवढंही बंद. म्हणून आज माझ्याकडे लकव्याचा रोगी आला की बीपीचा आकडा बघून नातेवाईक घाबरतात आणि मी सांगते, थांबा. किती आणि कधी उतरवायचं याचे नियम आहेत. ते स्कॅन झाल्यावर ठरतं.

आता तुमच्या दोन स्कॅनविषयी. सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव पांढरा, लगेच दिसतो. गुठळीच्या लकव्यात दिसतं ते पाणी, काळसर. पहिल्या काही तासांत पेशी फुगलेल्या असतात, पण फोटोत उमटण्याइतकं पाणी साचलेलं नसतं, त्यामुळे स्कॅन जवळजवळ स्वच्छ येऊ शकतो. पहिला स्कॅन मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायलाच असतो. तिसऱ्या दिवशी दिसलेला डाग तिसऱ्या दिवशी झाला नव्हता. त्याचा बराचसा भाग चुलीपाशी सुरू झाला होता आणि फोटोत नंतर आला. दवाखान्याने बिघडवलं असं यावरून म्हणता येणार नाही.

गुंगी मात्र खरोखर नवी होती. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मेंदूत एक खास घट्ट वीण असते. उपासमारीने ती उसवते, रक्तातलं पाणी मेंदूत उतरतं, पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात आणि त्यांच्यामुळेही सूज चढते. ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. कवटी हाडाची, तिला फुगायला जागा नाही, त्यामुळे शेजारचा धड भागही दाबला जातो. तुमचे बाबा त्यातून बाहेर आले. मोठा डाग असताना हे लहान काम नाही.

आणखी एक प्रकारचं मरण त्या दिवसांत चालू असतं. मधोमधच्या पेशी फुगून फुटतात. कडेच्या काही पेशी मात्र वाचल्यासारख्या दिसतात आणि काही तासांनी, कधी दिवसांनी, स्वतःच स्वतःला आवरून घेतात, आकसतात, तुकडे होऊन गळून जातात. याला अपोप्टोसिस म्हणतात. हे नाव १९७२ साली दिलं गेलं आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. आपल्याकडचे साग फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात ना, तसं. वारा नाही, वादळ नाही, पान सुटतं.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत, भाऊ. काही महिन्यांत त्या जागेची सफाई होते, पाण्याने भरलेली पोकळी उरते आणि कडेला घट्ट वण. पण महिनाभरात बाबांमध्ये जी सुधारणा दिसली असेल आणि पुढे दिसेल, ती खरी असते. सूज उतरली की दबलेले भाग उठतात. मुक्या झालेल्या पण वाचलेल्या पेशी हळूहळू बोलू लागतात. आणि राहिलेला मेंदू गेलेल्याचं काम शिकतो, मात्र ते काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. नुसत्या मालिशने हे होत नाही, कारण मालिशमध्ये मेहनत मालिश करणाऱ्याची असते. कबुतराच्या रक्ताने तर अजिबात नाही. तुमच्या भागात तेही सांगणारे भेटतील.

माझ्या आईने वडिलांपुढे मूठभर कापूस ठेवला होता. बोंडातला, सरकीसकट. उजव्या हाताने सरकी काढायची, पितळी वाटीत टाकायची. पहिला आठवडा त्यांच्या बोटांना कापूस नुसता चिकटायचा. चिमूट जुळायचीच नाही. आई बाजूला तांदूळ निवडत बसायची, बघायची नाही. एका दुपारी वाटीत टण् असा आवाज झाला. एक सरकी. आईने तेव्हाही मान वर केली नाही, पण हातातले तांदूळ तसेच राहिले, असं ती मला म्हणाली. दिवाळीपर्यंत ते वाटीभर काढू लागले होते. पुढे नऊ वर्षं जगले. लिहिता कधीच आलं नाही, सही करायचे.

बाबांच्या बोलण्यासाठी : जिल्ह्याच्या ठिकाणी वाचा-उपचार करणारे असतील तर जरूर दाखवा. घरी एक करून बघा. एक ते दहा अंक, वारांची नावं, गावात संध्याकाळी प्रार्थना किंवा भजन होत असेल तर त्याच्या ओळी, हे त्यांच्यासोबत म्हणा. पाठ असलेलं आणि चालीवरचं बोलणं अनेकदा साध्या वाक्यांच्या आधी येतं. ते अडले की शब्द तोंडात देऊ नका, थोडं थांबा. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ‘बुढ्याले काई समजत नाई’ असं कुणाला बोलू देऊ नका. त्यांना समजतं.

आता चावीचं. खोटं सांगणार नाही. सहा वाजता निघाला असतात तर आठच्या आत जिल्ह्याच्या गावी पोचला असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. ते दिलेले सगळे बरे होतात असं नाही. काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, थोड्यांना त्याच इंजेक्शनने रक्तस्राव होतो. २०१५पासून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचारही सिद्ध झाला आहे, निवडक रोग्यांत २४ तासांपर्यंत, पण तो मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी. बाबांना यातलं काही मिळालं असतं का, मिळून उपयोग झाला असता का, हे तुम्ही किंवा मी चावीवरून ठरवू शकत नाही. त्या सकाळी तुमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की आत घड्याळ चालू आहे. साप चावला तर कुठे पळायचं हे आपल्या पोरांनाही माहीत असतं. हे कुणी शिकवलंच नाही. मी स्वतः मेडिकलला होते आणि माझ्या घरी ते थेंब पडले. तुम्ही बाबांना वाईट व्हावं म्हणून काही केलं नाही. घरचे जे जाणत होते ते करत होते, आणि तुम्ही सोबत होतात. रात्री झोप येत नसेल तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. लकवा आलेल्या माणसाला गाडी येईपर्यंत लोक साखरपाणी पाजतात, बीपीची गोळी देतात, कुणी म्हणतं अ‍ॅस्पिरिन द्या. काय बरोबर?

उत्तर : आशाताई, तोंडातून काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात; पाणी फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया. लकव्यानंतर माणूस दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. अ‍ॅस्पिरिन गुठळीच्या लकव्यात उपयोगी, पण रक्तस्रावाच्या लकव्यात घातक, आणि बाहेरून बघून दोन्ही ओळखता येत नाहीत. बीपीच्या गोळीचं वर लिहिलंच आहे. तुमच्याकडे साखर तपासायचं यंत्र असेल तर मात्र बोट टोचून बघा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याची साखर फार उतरली तर तो हुबेहूब लकव्यासारखा दिसतो आणि ते शिरेतून ग्लुकोज देऊन बरं होतं. आकडा कमी असेल तर १०८च्या डॉक्टरांना आधी तेच सांगा. रोग्याला कुशीवर निजवा, १०८ बोलवा आणि हातावर पेनने वेळ लिहा : शेवटचं धड कधी पाहिलं. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर झोपायला गेला ती वेळ.

तुमच्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ८६ गावांत मृत्यूंची नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लकवा हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, साधारण सात मृत्यूंमागे एक, आणि बहुतेक माणसं घरीच गेली होती. तुमची बीपीची वही त्या आकड्याच्या आड येते, ताई. ती भरताना कंटाळू नका.

प्रश्न : वाशीम जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. पत्नीला लकवा झाला. मेंदूच्या पेशी वाचवणारी इंजेक्शनं, सिटिकोलीन वगैरे, लिहून दिली आहेत. महाग आहेत. सोयाबीन पडत्या भावात विकावं का?

उत्तर : गुरुजी, घाईने विकू नका. ग्लुटामेट अडवणारी, कॅल्शियम रोखणारी, पेशीतली जळजळ विझवणारी अशी हजाराहून जास्त द्रव्यं प्रयोगशाळेत तपासली गेली. उंदरांत कितीतरी चालली, माणसांत एकामागून एक पडली. सिटिकोलीनची मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, २,२९८ रोग्यांवर. ते घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक दिसला नाही. तुमच्या डॉक्टरांना शांतपणे विचारा की हे टाळलं तर चालेल का. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून दिलेली गोळी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, या स्वस्त आहेत आणि त्याच चुकवायच्या नाहीत. वाचलेले पैसे फिजिओथेरपीला लावा.

प्रश्न : राजुरा तालुका. मोठ्या काकांचा डावा हात वावरात दहा मिनिटं लुळा पडला, तोंडही वाकडं झालं. मग आपोआप ठीक झाले. आता काही त्रास नाही. तरी दाखवावं का?

उत्तर : गुठळी आली आणि पेशी मरायच्या आत सुटली. पुढची सुटेलच असं नाही, आणि पुढची येण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळ्यांत जास्त असतो. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून पत्रावरच्या नंबरवर मी फोन केला. काकूंनी उचलला. काका वेचणीच्या बायांना घेऊन वावरात गेले होते. संध्याकाळी पुन्हा केला, ते स्वतः बोलले : “वेचणी झाली का जातो, मॅडम.” मी त्यांना माझ्या वडिलांची वाटीतली सरकी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन केला तेव्हा मागून एसटीचा आवाज येत होता. चंद्रपूरला निघाले होते, काकू सोबत होत्या.